पिठलं-भात

पेटीवाले जनूभाऊ गेल्याचं कळल्यापासून कमलिनीबाईंचे डोळे वाहत होते. त्यांनी गॅसही पेटवला नाही.

"ओळख ना पाळख, आणि रडतेस काय अशी?" नवरा हसला.

एवढ्यात सुनेची आई डबा घेऊन दारात उभी. लग्नातल्या मानापानावरून दोघी विहिणींचं बोलणं बंद होतं.

"पिठलं-भात आणलाय. दुःखाच्या घरी चूल पेटवत नाहीत," विहीणबाई म्हणाल्या. त्यांचेही डोळे सुजले होते. "जनूभाऊंच्या प्रत्येक मैफलीत तुम्ही पुढे बसायचात. मी मागे, तुम्हाला दिसू नये म्हणून."

कमलिनीबाईंनी त्यांना मिठीच मारली. रडता रडता दोघी जनूभाऊंची चाल गुणगुणू लागल्या, बेसूर झाल्या आणि खळखळून हसल्या.

नवऱ्यानं ताट पुढे केलं. "मलाही वाढा."

"तुम्हाला कशाला?" विहीणबाईंनी डबा मागे ओढला. "तुमचं कोण गेलंय?"