अस्सल ओर्मा

“एवढं वाकून बघताय म्हणजे खोटी आहे,” बाबुराव ओव्हाळ म्हणाले.

“खरी असली तरी मी वाकूनच बघते,” पूर्वा म्हणाली. “बसा, काका.”

टेबलावर वीतभर उंचीची ओर्मा उभी होती. एका व्हिडिओ गेममधली शिकारीण. हातात भाला, खांद्यावर राखाडी झगा, चेहऱ्यावर एकूण जगाबद्दल नाराजी. अशा जमवायच्या फिगर अस्सल की नकली, हे सांगणं पूर्वाचं काम. सदाशिव पेठेतल्या तिच्या दुसऱ्या मजल्यावर बरेच कमावते पुरुष डोळ्यांत पाणी आणून गेले होते. तिचा शब्द फिरत नसे, आणि तो गोड करून सांगण्याची तिला सवय नव्हती.

“कुणाची फिगर?”

“बाहुली मुलाची. आयुषची. घराला रंग दिला तेव्हा माळ्यावर सापडली.”

“मुलगा कुठे असतो?”

“बेंगळुरूला. चार वर्षं झाली.” बाबुराव खुर्चीच्या कडेवर बसले. “त्यानं स्पर्धा परीक्षा द्यावी असं माझं म्हणणं होतं. त्याला गेम बनवायचे होते. मी म्हटलं, बाहुल्यांशी खेळायचं असेल तर घराबाहेर खेळ. पोरगं आज्ञाधारक निघालं.”

पूर्वाने भिंग उचललं.

“आता बोलता का एकमेकांशी?”

“हिरामार्फत. आमच्या मिसेस. तिनं त्याला फोनवर सांगितलं, तुझी बाहुली सापडलीय, काय करायचं? तो म्हणाला, सदाशिव पेठेत एक बाई आहेत, त्यांना दाखवा. अस्सल असेल तर मी स्वतः येऊन घेऊन जातो. नकली असेल तर टाकून द्या.”

“आणि आला तर?”

“मला काय. खोलीतला पसारा जाईल.”

“त्या खोलीलाही रंग दिलात?”

“निळा. त्याला निळा आवडतो.” बाबुराव थांबले. “म्हणजे, दुकानात तोच शिल्लक होता.”

पूर्वाने ओर्मा उलटी केली. कंपनीचा शिक्का तळव्यात कोरलेला असायला हवा; इथे तो फोडासारखा वर आला होता. कोपराचा सांधा वाकवताना कुरकुरत होता. एक डोळा स्वारगेटकडे बघत होता, दुसरा शिवाजीनगरकडे. अर्ध्या मिनिटात निकाल लागला होता. तरी ती बघत राहिली.

“माळ्यावरची वाटत नाही. धूळच नाही.”

“हिराचा हात आहे. आमच्याकडे धूळसुद्धा विचारून बसते.”

“झगा निघायला हवा खरं तर.”

“हो, दुसऱ्या भागात जळतो ना तो. किल्ल्याच्या लढाईत.”

पूर्वाने मान वर केली. बाबुराव छताच्या पंख्याकडे बघत होते.

“तुम्ही खेळता?”

“छे! कुठेतरी वाचलं.”

बाबुरावांनी चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला.

“मॅडम, नकली असेल तर स्पष्ट सांगा. मी सरकारी नोकरीत होतो. नकार द्यायची सवय आहे.”

“घ्यायची?”

ते पिशवीची घडी घालत राहिले. पिशवी लहान होती, घडी संपेना.

पूर्वाने भिंग खाली ठेवलं.

“अस्सल आहे.”

“नक्की?”

“काका, हा प्रश्न मला कुणी विचारत नाही.”

बाबुराव उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. खिशातून फोन काढून त्यांनी नंबर लावला, आणि पलीकडून कुणी उचलायच्या आत फोन तिच्या हातात दिला.

“तुम्हीच सांगा. तज्ज्ञाच्या तोंडून बरं.”

स्वतः ते खिडकीपाशी गेले आणि समोरच्या सोसायटीची पाण्याची टाकी अतिशय मन लावून बघू लागले.

“आयुष? मी पूर्वा. तुमची ओर्मा बघितली. अस्सल आहे.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज.

“आर यू शुअर, मॅडम?”

“बापलेक सारखेच दिसता. हो, नक्की. आणि कुरियरने मागवू नका, सांधे नाजूक आहेत. स्वतः येऊन न्या.”

मग घसा खाकरल्याचा आवाज.

“ओके. शनिवारी सकाळी पोचतो. घरी सांगा... आईला सांगा.”

“शनिवारी सकाळी,” पूर्वा मोठ्याने म्हणाली.

“ऐकू येतं मला,” बाबुराव टाकीला म्हणाले.

ओर्माला त्यांनी दोन्ही हातांनी पिशवीत ठेवलं. “उगाच मटण आणावं लागणार,” असं पुटपुटत ते निघाले आणि दोन-दोन पायऱ्या एकदम उतरले. त्यांचं वय बघता ते बरं नव्हतं.

पूर्वाने चहा टाकला. आयुष्यात पहिल्यांदा तिने नकली फिगरला अस्सल म्हटलं होतं. शनिवारी आयुष ओर्माचा तळवा बघेल आणि संपलं. आपलं नाव जाईल ते जाईल. पण तोवर तो दाराच्या आत तरी आलेला असेल.

चहा उकळायच्या आत फोन वाजला. आयुषचाच.

“मॅडम, बाबा गेले का?”

“गेले. बरं झालं तुम्ही फोन केलात. हे बघा, शनिवारी तुम्हाला कळेलच, त्यापेक्षा आत्ताच सांगते. ती फिगर—”

“नकली आहे. माहितीय मला.”

“न बघता?”

“बाबांना मात्र बोलू नका, प्लीज. शनिवारचं तिकीट काढलंय मी.” तो म्हणाला. “माझी ओर्मा मी घर सोडतानाच घेऊन आलो होतो, मॅडम. आत्ता इथे टेबलावर आहे. घरात दुसरी कधी नव्हतीच.”