डब्याची पिशवी

माझी फिल्म कशाबद्दल आहे, असं फिल्मच्या वर्गातले सर विचारायचे आणि मलाच सांगता यायचं नाही. चाकणच्या मजूर अड्ड्यावर रोजंदारीची माणसं सकाळी कामाची वाट बघत उभी असतात. त्यांच्यातून मी मोबाइल गुडघ्याशी धरून, कुणाकडेही न बघता चालत गेले होते. नजर काढून घेतली की काय उरतं, असला काहीतरी प्रयोग होता. हात उरले, पिशव्या उरल्या. मग सरांनी सांगितलं म्हणून रंगही काढून सगळं काळं-पांढरं केलं, तरी अर्थ लागेना. संध्याकाळी लॅपटॉपवर तेच जोडत बसले होते, तर आई भाकरी तव्यावर टाकून डोकावली आणि पिठाचं बोट तिनं पडद्यावर टेकवलं. "अगं, ही आपली डब्याची पिशवी! तुझ्या शाळेच्या स्कर्टची शिवलेली. हा टाका माझाच. पप्पांच्या कंपनीत गेली होतीस व्हय शूटिंगला?" ती इतकी खूश होती, की मला नाही म्हणवेना. पप्पा रोज कंपनीचा शर्ट घालून शिफ्टला जातात. मग पिशवी अड्ड्यावर कशी? तशीच दुसऱ्या कुणाची असेल? मी शॉट मागे नेऊन पुन्हा पुन्हा बघत होते, तेवढ्यात दारात बूट वाजले. "अहो, तुमची पिशवी सिनेमात आली!" आई ओरडली. पप्पा कंपनीच्या शर्टातच पडद्यापाशी वाकले. टेबलावर टेकलेल्या हाताच्या नखांत सिमेंट होतं. पिठाच्या डागाकडे बघत त्यांनी हळूच विचारलं, "तोंडं नाही ना आली कुणाची?"