तिसरी नळी

उत्कर्षाने खुर्ची एवढ्या जोरात मागे ढकलली, की ती जाऊन फ्रिजवर आदळली.

"मॅडम, तिसऱ्या नळीतही आहे. तोच बदल, त्याच जागी."

पद्मजा मॅडम प्रयोगशाळेच्या प्रमुख, तीस वर्षं विषाणूंशी संसार केलेल्या. त्यांनी शांतपणे संगणकाचा पडदा वाचला. पहिली नळी खराडीच्या सोनबाच्या मेलेल्या कोंबडीची, दुसरी खुद्द सोनबाची, तिसरी त्याच्या बायकोची, शकूची. कोंबडीतला विषाणू नेहमीचाच होता. नवरा-बायकोच्या घशातल्या विषाणूत मात्र जनुकीय लिपीतलं एकच अक्षर बदललं होतं, आणि तेही नेमकं माणसाच्या पेशीला चिकटण्याच्या जागचं.

विषाणू स्वतःच्या नकला काढताना सारख्या चुका करतो. बहुतेक चुका त्यालाच भोवतात, एखादीच त्याच्या पथ्यावर पडते. तशी एक चूक आपल्या डोळ्यांनी पाहायला मिळावी म्हणून उत्कर्षा सहा वर्षं या खुर्चीत ठाण मांडून बसली होती. आज ती आनंदाने जागच्या जागी नाचत होती आणि त्याची तिला मुळीच लाज वाटत नव्हती.

"नाचून झालं असेल तर एक सांग," मॅडम म्हणाल्या. "शकूबाईंनाही कोंबड्यांकडूनच लागण झाली नसेल कशावरून? खुराड्यातल्या सगळ्या कोंबड्या तपासल्यास का?"

उत्कर्षाचा चेहरा उतरला. एकाच कोंबडीचा नमुना मिळाला होता, बाकीच्या पुरून झाल्या होत्या. शकू खुराड्यात जात असेल, तर काहीच सिद्ध होत नव्हतं. जात नसेल, तर विषाणू माणसाकडून माणसाकडे गेला होता, आणि ते जगाला पहिल्यांदा या खोलीतून कळणार होतं.

ती खुराड्यात गेलेली नसू दे, असं मनातल्या मनात म्हणत तिने फोन लावला. सोनबा तीन दिवसांपासून व्हेंटिलेटरवर होता. शकू त्याच दवाखान्यात, पलीकडच्या खोलीत तापाने पडून होती.

"मावशी, खुराडं कोण झाडायचं? दाणे तुम्ही घालायचात का?"

"न्हाई बया. मी माळकरी. सतरा वर्सं झाली, खुराड्याच्या अंगाला पाय टाकला न्हाई. अंडी बी मालकच काढत्यात, आन् हात धुतल्याबिगर मी त्यास्नी घरात घेत न्हाई."

"आणि मेलेल्या कोंबड्या?"

"त्यांनीच पुरल्या. मंग ताप चढला, तवा चार दिस उशाशी बसले मी. माझं डोकं दुसऱ्या दिवसापासनं जड."

उत्कर्षाने मॅडमकडे पाहून मूठ उंचावली. मॅडमनी चष्मा काढून ठेवला आणि दुसऱ्या फोनवर आरोग्य खात्याचा नंबर लावायला घेतला.

"मावशी, फार मोठं काम झालं तुमच्यामुळे," उत्कर्षा म्हणाली. आवाजातलं हसू तिला काही केल्या आवरेना.

पलीकडून शकूने मोकळा श्वास सोडलेला ऐकू आला.

"ताई, तुमच्या आवाजावरनंच वळखलं मी," ती म्हणाली. "आमचं मालक वाचलं न्हवं?"