कुशीवर पडलेली पेशी

डर्व्हलाने सुईच्या टोकाने सूक्ष्मदर्शकाखालची काच जराशी हलवली आणि पेशी कूस बदलून उताणी झाली. तिच्या तोंडचं पाणी पळालं. पेशी रुंद होती.

काल हीच तिला सडपातळ दिसली होती. समुद्राच्या एका थेंबात डायटम नावाचे हे एकपेशीय जीव ढिगाने असतात, प्रत्येकाला काचेसारखं कवच. त्यातल्या एका लांबट, टोकदार घराण्यात सडपातळ ते बहुधा निरुपद्रवी आणि रुंद ते विषारी, असा ढोबळ हिशेब. शिंपले त्यांच्यावरच पोसतात, म्हणून विष शिंपल्यात उतरतं. माणसाने ते खाल्लं की आधी पोट ढवळतं, फार झालं तर विष मेंदूत शिरतं. पेशी कुशीवर पडली असेल तर तिची खरी रुंदी कळत नाही, ती उताणी करूनच मोजायची, हे डर्व्हला नवशिक्यांना दरडावून शिकवायची. आणि काल तिने स्वतःच ते केलं नव्हतं.

काल वडिलांचा, फिनबारचा, फोन आला होता. फिनबारचे खाडीत दोरांवर वाढवलेले शिंपले उन्हाळाभर बंदीत अडकले होते. बंदी उठवायची की नाही, ते डर्व्हलाच्या शब्दावर होतं.

"काय गं पोरी, तुझे ते किडे गेले का? की अजून माझ्याच खाडीत तळ ठोकून आहेत?"

"बाबा, किडे नाहीत हो ते!"

"मग पाहुणे आहेत? पाहुण्यांनी इतकं राहू नये म्हणावं. हाकल त्यांना!"

ती खदखदून हसली होती, आणि त्याच हसण्याच्या भरात तिने होकार कळवून टाकला होता. बापाला खूश करायचं होतं, दुसरं काही नाही.

आता तिने लॅबच्या साहेबांना फोन लावला. माल भरलेला ट्रक अजून धक्क्यावरच उभा होता, तो तिथेच थांबवला गेला. मग तिला आठवलं. हंगामातल्या शिंपल्यांचं पहिलं पातेलं ज्याचे दोर त्याने खायचं, मगच माल विकायचा, ही त्या खाडीची रीत. घरचा फोन कुणी उचलेना. अँब्युलन्स घरी पाठवायला सांगून ती गाडीकडे धावली.

आई, नोरीन, दारातच उभी होती.

"रात्रभर ओकत होता गं. डॉक्टरला बोलावते म्हटलं तर माझ्यावरच डाफरला. मी मेली शिंपल्यांना हात लावत नाही म्हणून वाचले."

डर्व्हला आत धावली. फिनबार स्वयंपाकघरात टेबलापाशी बसला होता. चेहरा पांढराफटक, पण केस नीट विंचरलेले, हातात लोणी लावलेला पाव. तिला बघून तो हसला. तेच तोंडभर हसू. तिचा जीव भांड्यात पडला. फक्त पोटावरच निभावलं म्हणायचं. आता तो शिव्या घालेल, वर्षभर चिडवेल, चिडवू दे. तिला रडूच फुटलं.

"बाबा, किती खाल्लेत तुम्ही? खरं सांगा."

फिनबारने हातातला पाव खाली ठेवला. मग अदबीने उठला, तिच्यासाठी खुर्ची ओढली आणि शिंपल्यांचं पातेलं तिच्यापुढे सरकवलं.

"बसा ना बाई, रडताय कशाला? निर्धास्त खा. आमची डर्व्हला लॅबमध्ये असते, तिने स्वतः तपासलेत."