लांब नावाची फाईल

वारलेल्या नवनाथचा आवाज एकाच फाईलमध्ये उरला होता. ती उघडणारा प्रोग्राम दुसऱ्या सिस्टिमवरून आणलेला. त्याला फाईलची लांब नावं झेपत नव्हती, त्यात मराठी अक्षर तिप्पट जागा खायचं; म्हणून ही फाईल उघडतच नव्हती.

"लाव की ग, पौर्णिमा. माझे कान पार गेल्यावर लावतीस का?" आई म्हणाली.

पौर्णिमानं प्रोग्राममधली नावाच्या लांबीची मर्यादा वाढवली. भावाच्या फाईलचं पूर्ण नाव दिसलं: 'नवनाथ_आईसाठी_निरोप'. फाईल उघडायला गेली, तर नाव वाढलेलं: 'नवनाथ_आईसाठी_निरोप_लावू_नको'.

कुणीच काही टाइप केलं नव्हतं. तिनं मर्यादा दुप्पट केली. नाव आणखी लांबलं: 'नवनाथ_आईसाठी_निरोप_लावू_नको_इथं_दुसरंच_कुणीतरी_बोलतंय'.

तिनं घाईनं स्पीकरची वायर उपसली.

आई वायर काढलेल्या स्पीकरला अजून कान लावून बसली होती. "लागली की ग," ती हळूच म्हणाली. "पण ह्यो आपला नवनाथ न्हाई."