आजींचा संदर्भ

बढतीच्या मुलाखतीत विभागप्रमुखांनी डॉक्टरांच्या शोधनिबंधांची यादी टेबलावरून त्यांच्यापुढे सरकवली.

"हा तुमचा जुना निबंध, एकाच पेशंटवरचा. सुरुवातीला जगभरच्या मानसोपचारतज्ज्ञांनी त्याचा संदर्भ दिला, मान्य. आता कित्येक वर्षं फक्त तुम्हीच देताय. झोपेवर लिहा, व्यसनावर लिहा, संदर्भांत हा आहेच. स्वतःची टिमकी किती वाजवायची माणसाने?"

"सवय लागलीय," डॉक्टर एवढंच म्हणाले. बढती हुकली हे वेगळं सांगायची गरज उरली नाही.

जिना उतरून ते थेट बायकांच्या वॉर्डात गेले. खिडकीजवळच्या खाटेवर आजी वेणी घालून बसल्या होत्या. निबंधातली पेशंट म्हणजे याच. घरचं कुणी इकडे फिरकेनासं झालं, त्यालाही जमाना लोटला होता. निबंध छापून आला तेव्हा डॉक्टरांनीच त्यांना कौतुकाने सांगितलं होतं, की लांबलांबचे डॉक्टर आता त्यांच्याबद्दल लिहितात. तेव्हापासून आजी दर भेटीत एकच विचारायच्या.

"काय रे, काढली का कुणी माझी आठवण?"

"काढली ना, आजी. याच महिन्यात छापून आलंय." पेशंटशी खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नव्हतं.

"कुणी? मागच्या वेळचाच का?"

"हो, तोच."

आजींनी वेणीचं टोक पुन्हा घट्ट बांधलं.

"त्याला म्हणावं, एकदा येऊन जा इकडे. त्यालाही कुणी नसणार बिचाऱ्याला."