ओव्हनवरची डबी

पुण्याहून आलेली दोन माणसं सुमंत साहेबांच्या केबिनमध्ये बसली होती, आणि बाहेर स्टोअरच्या खिडकीशी उभे अच्युतराव हातातला चहा विसरून केबिनच्या दाराकडे बघत होते.

कुम्हारीचा हा कारखाना लहानच. मोटारीच्या ब्रेकला लागणारी सर्किटं इथं बनतात. त्यातला एका दिवसाचा सगळा माल पुण्याच्या गिऱ्हाईक कंपनीनं परत पाठवला होता. सोल्डरचे टाके आतून पोकळ, जरा धक्का लागला की सुटतात. ब्रेकच्या कामात असला टाका म्हणजे जिवाशी खेळ. सुमंत साहेबांनी खापर फोडलं समृद्धीच्या डोक्यावर. सोल्डर पेस्ट, म्हणजे टाक्यांचा तो राखाडी लेप, मशीनवर चढवायचं काम तिचं. पेस्ट नीट हाताळली नाही म्हणून तिला घरी बसवलं होतं. तिची नोकरी राहते की जाते, ते आज ठरणार होतं. बोरसीला तिच्या घरात कमावणारी ती एकटी.

आणि चूक होती अच्युतरावांची. हे त्यांना ठाऊक होतं आणि घरी नलूबाईंना.

अच्युतरावांची उभी हयात पोलादाच्या प्लांटात वेल्डिंग करण्यात गेली. रिटायर झाल्यावर घरी बसून बायकोच्या भाजीला नावं ठेवण्यापेक्षा बरं, म्हणून त्यांनी ही स्टोअरची नोकरी धरली. प्लांटात वेल्डिंगचा रॉड थंड पडू द्यायचा नसतो. ओव्हनमधून काढायचा, गरम डब्यात घालून जवळ बाळगायचा. ओल धरलेल्या रॉडनं मारलेला जोड आतून पोकळ निघतो. हे त्यांच्या हाडात भिनलेलं. इथं सगळंच उलटं. पेस्ट फ्रिजमध्ये ठेवायची, आणि वापरायच्या आधी बंद डबी नुसती टेबलावर ठेवून द्यायची. ऊब म्हणून दाखवायची नाही. आता सांगा, जोडाचा माल आणि फ्रिजमध्ये, दह्यासारखा! अच्युतरावांना ते कधी पटलंच नाही.

तो माल बनायच्या आदल्या संध्याकाळी, ऐन थंडीत, दुसऱ्या दिवसाची डबी काढताना त्यांना पोरीची दया आली. गारठलेल्या लेपाशी झटापट करत बसेल बिचारी. त्यांनी डबी सर्किटं सुकवायच्या ओव्हनच्या डोक्यावर ठेवली, वर फडकं झाकलं आणि खुशीत रिसालीला घरी गेले. दुसऱ्या दिवशी पुतण्याच्या साखरपुड्याला गोंदियाला जायचं होतं. परत आले तोवर माल पुण्याला निघून गेला होता.

पुढे तो परत आल्याचं कळलं, तेव्हा त्यांना आधी ओव्हनवरची ती डबी आठवली.

समृद्धी आपली सांगत होती, नवं खोकं आलं तेच खराब आलं; डब्यांवर जुन्या तारखेवर नवी तारीख डकवलेली आहे, साहेबांनी स्वस्तात उचललं. साहेब म्हणाले, बहाणे आहेत. अच्युतरावांनाही तसंच वाटलं. पोरीला बिचारीला खरं कुठं ठाऊक? पण तोंड उघडायची हिंमत झाली नाही. प्लांटात ज्याच्या जोडावर कुणी बोट ठेवलं नाही, त्या माणसानं म्हातारपणी एक डबी नासवली, हे सांगायचं कोणत्या तोंडानं?

आज सकाळी नलूबाईंनी ताट वाढलं आणि समोरच बसल्या.

"कावून बोलत नाही जी तुमी? त्या पोरीचं वाटोळं होऊन राहिलं, अन् तुमी भात चिवडत बसले."

"लोकं हसतील, नलू."

"हसू द्या. मले तर तुमच्याकडे पाहाचीच लाज वाटून राहिली."

लग्नाला इतकी वर्षं झाली, बाई असं कधी बोलल्या नव्हत्या. अच्युतराव पानावरून उठले ते तडक कारखान्यात आले.

ते खिडकीशी उभे असतानाच फाटकातून समृद्धी आली. छातीशी पिशवी धरलेली.

"काका, त्या खोक्यातल्या डब्या आणल्या. आज त्या पुण्यावाल्याईले दाखवतोच."

अच्युतरावांना तिच्याकडे बघवेना. "तू बस, बाई. आधी मी जाऊन येतो."

"तुमी कशाले, काका?"

ते थांबले नाहीत. केबिनचं दार लोटून आत गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगून मोकळे झाले. ओव्हन, फडकं, गोंदिया, सगळं.

पुण्याच्या थोरल्या साहेबांनी विचारलं, "म्हणजे पेस्ट मुळात चांगली होती?"

"चांगलीच होती जी. मी नासवली. पोरीचा काही गुन्हा नाही."

"मग त्या बाई तारखांचं का सांगतात?"

"तिले माझ्या डबीचं ठाऊक नाही, साहेब. म्हणून सांगते."

सुमंत साहेब चिडतील, हाकलतील, अशी तयारी ठेवूनच अच्युतराव आत गेले होते. साहेबांनी उठून त्यांना स्वतःची खुर्ची दिली. "अच्युतभाऊ, असं खरं बोलायला छाती लागते."

पुणेकरांनी बॅगा आवरल्या. आता डब्या बघायची गरज नाही, म्हणाले.

अच्युतराव बाहेर आले तेव्हा त्यांना हलकं हलकं वाटत होतं. पुणेकरांची गाडी फाटकातून हायवेला लागली. समृद्धी पिशवी घेऊन तिच्यामागे चार पावलं धावली आणि थांबली.

"झालं, बाई," अच्युतराव म्हणाले. "सांगून टाकलं मी. ती डबी रातभर ओव्हनवर मीच ठेवली होती. दोष माझा आहे."

समृद्धीनं छातीशी धरलेली पिशवी खाली ठेवली.

"मले माहीत होतं, काका," ती म्हणाली. "झाकण उघडलं त तेल सुटलेलं दिसलं. तुमचं नाव निघू नये म्हणून कोणाले बोलली नाही, गुपचूप भंगारात टाकून देली. मशीनवर तर मी नव्या खोक्यातली दुसरीच डबी लावली होती."